कोरड्या जाळ्याचा वाटा

गोंदिया, १४ जुलै

बाबा,

तुम्ही फोन उचलत नाही, ठीक आहे. पण पत्राचं तसं नसते. कवडूकाका पोस्टमन हे घरी आणून देईल, आणि तुम्ही हात लावला नाही तर तलावाच्या पाळीवर उभा राहून चार लोकांत मोठ्यानं वाचून दाखवेल. तेवढा उपद्व्यापी आहेच तो. तेव्हा मुकाट्यानं घ्या आणि वाचा.

माझ्या साक्षगंधाच्या दिवशी मुलाकडचे पाहुणे ओसरीत बसले होते आणि मी गोंदियाच्या बसमध्ये होती. तुम्हाला हात जोडून त्या लोकांना परत पाठवावं लागलं. तुमची, सेवकराम अध्यक्षाची, मान खाली गेली, हे मला आईनं सांगितलं. मला वाईट वाटते, खोटं नाही सांगत. पण मी लग्नाला नाही म्हटलंच नव्हतं. एक साल थांबा म्हटलं होतं. तुम्ही ऐकून घेतलं असतं तर मला पळावं लागलं असतं का? आणि पळाली तीही कुठे, तर कॉलेजात. लोकांच्या पोरी पळतात तेव्हा निदान कोणी पोरगा तरी असते सोबत.

तुम्ही आईला म्हटलं, “तीन सालात डिगरी भेटली ना, मंग हे चौथं साल कायले? नापास झाली का?” हॉस्टेलचा वॉचमनही हेच विचारते. तर ऐका. नव्या नियमात तीन वर्षांत बी.ए. घेऊन घरी जाता येते, नाही तर चौथं वर्ष करून ऑनर्स घेता येते. चांगले मार्क असतील तरच चौथ्या वर्षी स्वतःचा संशोधन प्रकल्प करू देतात. अर्थशास्त्रात आम्ही पाच जण उरलो. लायब्ररीच्या मागच्या खोलीत बसतो. तिथला पंखा चालू केला की आवाजात सरांचं ऐकू येत नाही, बंद केला की झोप येते.

आता मुद्द्याचं. मला आपल्या मासेमारी सोसायटीवर प्रकल्प करायचा आहे. तलावातली मासळी कशी वाटली जाते, कोणाला काऊन मिळते, यावर. तुम्ही अध्यक्ष आहात, तुमची परवानगी पाहिजे. नाही म्हणायचं असेल तर नाही म्हणा, पण तोंडानं म्हणा.

मोठ्या आईनं सुकट पाठवली ती मिळाली. माझी रूममेट टीना नाक दाबून खिडकीत बसली होती, मग तिनंच अर्धी संपवली. मोठ्या आईला सांगा. तुम्ही नाही सांगणार, आईच सांगेल.

तुमचीच,
हर्षा


गोंदिया, ९ नोव्हेंबर

बाबा,

परवानगीबद्दल धन्यवाद. तुमच्या तोंडची नाही, सोसायटीचे सेक्रेटरी टेकचंदकाका म्हणाले, “अध्यक्षानं मान हालवली, पोट्टी, कर तुले का करायचं ते.” कशी हलवली, उभी की आडवी, हे मी विचारलं नाही.

दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेच्या सुटीत आठवडाभर मी गावात होती आणि तुम्ही आठवडाभर डोंग्यावर होता. मी पाळीवर आली की तुमचा डोंगा पलीकडच्या काठाला. आई म्हणे, “तुझा बाप का मासा झाला का वं, पाण्यातच राहून राहिला!” पण एक गोष्ट तुम्हाला टाळता आली नाही. मंगळवारची वाटणी. तिथे अध्यक्षाला उभं राहावंच लागते.

लहानपणापासून पाहत आली, पण यावेळी वही घेऊन पाहिली तर नवीनच वाटली. सगळी मासळी पाळीवर ओततात. जितकी जाळी तितके सारखे ढीग करतात. तुम्ही ढिगांकडे पाठ करून उभे राहता. टेकचंदकाका एका ढिगाला हात लावून विचारतात, “हा कोणाचा?” तुम्ही न पाहता एक नाव घेता. म्हणजे कोणाला मोठा रोहू गेला आणि कोणाला नुसते मिरगल, यात अध्यक्षाचा हात नाही.

आणि मधेच तुम्ही म्हणता, “दुलीचंदचा!”

तुमचा मोठा भाऊ. मी पाच वर्षांची असताना तलावात गेले ते. तरी दर मंगळवारी तुम्ही त्यांना हाक मारता आणि मोठी आई उठून त्यांचा ढीग टोपलीत भरते. तिच्यासारख्या आणखी तीन विधवा बायका. नवऱ्याचं जाळं घडी करून आणतात, पाळीवर ठेवतात, वाटा घेतात, जाळं परत घेऊन जातात. पाण्यानं नेलेल्या माणसाचा वाटा त्याची बायको जिवंत असेपर्यंत बंद होत नाही. मी सरांना सांगितलं तेव्हा ते खुर्चीतून पुढे झाले. म्हणाले, हे कुठल्याच पुस्तकात नाही.

मोठ्या आईची मुलाखत घ्यायला गेली तर ती लाजून लाल. “माझी मुलाखत कायले वं? मी का मंत्री आहो?” मी विचारलं, वाट्यासाठी तू काय काम करतेस? म्हणाली, “जाळं आणतो, ठेवतो, वाटा नेतो.” एवढंच? “अन तुले सुकट पाठवतो, ते का कमी काम हाय?”

मी म्हटलं, जाळं पडून पडून सडेल, कोणाला वापरायला काऊन देत नाहीस? तर तिनं जाळ्याची घडी पुन्हा नीट केली. मग म्हणाली, “ते ओलं नाही करायचं पोरी. ते सुकं हाय तवरिक तो घरी हाय.”

हे मी वहीत लिहिलं नाही. प्रश्नावलीत त्याला जागा नव्हती.

हर्षा


गोंदिया, २२ डिसेंबर

बाबा,

आज सरांनी माझं चौथं प्रकरण वर्गात वाचून दाखवलं. संपूर्ण! म्हणाले, ऑनर्सचं काम असं असते. बाकी चौघांची तोंडं पाहण्यासारखी झाली होती. हिमांशूचा प्रकल्प गोंदियातल्या धानगिरण्यांवर आहे, त्याला सर म्हणाले, “हर्षाकडून शिक.” मला तेव्हा कोणाला सांगावंसं वाटलं असेल, ओळखा.

तुम्हाला समजावून सांगते. तुम्ही अध्यक्ष आहात, तुम्हाला हे कळलं पाहिजे. पुस्तकात एक शब्द आहे, फ्री रायडर. म्हणजे फुकटचा वाटेकरी. काम सगळ्यांनी करायचं आणि एकानं न करता खायचं. असे वाटेकरी वाढले की काम करणारा म्हणते, मी तरी काऊन मरू? मग तोही ढिला पडते आणि सोसायटी बसते. बोदलकशाच्या तलावाकडच्या लोकांशीही मी बोलून आली. तिकडे जाळं पाण्यात गेलं नाही तर वाटा नाही, सरळ हिशेब. तिकडची पोरं मासेमारीत टिकून आहेत. आपल्याकडची नागपूरला गार्ड म्हणून चालली आहेत.

आपल्याकडे चार कोरडी जाळी आहेत. त्यांचा वाटा बंद केला आणि तेवढ्या मासळीच्या पैशातून दर पावसाळ्यात जास्तीचं मत्स्यबीज सोडलं, तर काही सालांत तलावाचं रूप बदलेल. मी आकडेमोड करून पाहिली आहे. माझी शिफारस एका ओळीची आहे: ज्याचं जाळं पाण्यात उतरेल, त्यालाच वाटा.

हे मोठ्या आईविषयी नाही हं बाबा. हे शास्त्र आहे, त्यात माणसाचं नाव नसते. आणि शिफारस ही प्रकल्पात लिहायचीच असते, नाही तर मार्क कापतात.

पण खरं सांगू? लिहिताना सारखं वाटत होतं, तुम्ही वाचाल तर काय म्हणाल. पाळीवर उभं राहून तुम्ही इतकी वर्षं जे करता, त्याच्याकडे तुमच्या पोरीनं कसं पाहिलं ते तुम्हाला दिसावं. पुस्तकी किडा म्हणा. पण म्हणा काहीतरी.

हर्षा


गोंदिया, १८ जानेवारी

बाबा!

आईचा फोन आला. मी मेसमध्ये होती, ताट तसंच सोडून पळत बाहेर आली.

तुम्ही माझं पत्र सोसायटीच्या सभेत वाचलं? स्वतः? उभं राहून? आई सांगे, चष्मा पुसून पुसून वाचलं, “फ्री रायडर” दोनदा अडखळलं पण सोडलं नाही. आणि कोणीतरी विचारलं, हे कोणी लिहिलं जी? तर तुम्ही म्हटलं, “माझी पोट्टी हाय ना, ऑनर्सले.”

बाबा, मी हॉस्टेलच्या जिन्यात बसून रडली. टीना घाबरली, तिला वाटलं घरी कोणी गेलं. मी तिला म्हटलं, माझ्या बापानं माझं नाव घेतलं. तिला काय समजणार! तिचे वडील दिवसातून चारदा फोन करतात आणि ही उचलत नाही.

सात महिने तुम्ही माझ्याशी बोलला नाही. पण माझ्यासाठी चारचौघांत बोललात. मला पुरे आहे. पुढल्या महिन्यात प्रकल्पासाठी शेवटची वाटणी पाहायला येईन. डोंगा घेऊन पळू नका.

तुमची पोट्टी,
हर्षा


गोंदिया, ५ फेब्रुवारी

बाबा,

आईनं फोनवर अर्धंच सांगितलं होतं. पत्र वाचलं एवढंच. वाचून झाल्यावर तुम्ही सगळ्यांनी हात वर करून फेब्रुवारीपासूनचा ठराव केला, हे मला पाळीवर उभी राहिल्यावर कळलं.

मंगळवारी सकाळच्या बसनं आली. मोठी आई नेहमीच्या जागी बसली होती. समोर दुलीचंद मोठ्या बाबांचं जाळं, घडी घातलेलं. तुमची पाठ ढिगांकडे. टेकचंदकाका विचारत गेले, “हा कोणाचा? हा कोणाचा?” तुम्ही नावं घेत गेला. नावं संपली, ढीग संपले. लोक टोपल्या उचलून चालते झाले. मोठी आई बसूनच होती. तिला आधी सांगितलं होतं म्हणतात, पण तिला वाटलं असेल, सभेत बोललेलं सगळंच का खरं होते?

मग ती उठली. जाळ्यावरची माती झटकली. घडी डोक्यावर ठेवली आणि मला पाहून म्हणाली, “कवा आलीस वं? चाल, चहा पिऊन जाय.”

आणि तेव्हा तुम्ही वळला. मला पाहिलं आणि हसला. लहानपणी मी पलीकडच्या काठापर्यंत पोहून आली की हसायचा ना, तसं. त्या हसण्यासाठी मी काय नसतं केलं! आणि मला ते तिथे मिळालं, मोठ्या आईची रिकामी टोपली पाहत असताना.

मी तुमच्याजवळ आली नाही. आता तरी समजलं असेल काऊन.

अहो बाबा, शिफारस होती ती! पोरीनं परीक्षेसाठी लिहिलेली! माझं एक म्हणणं तुम्ही आयुष्यात ऐकलं नाही. कॉलेज नको म्हटलं, हॉस्टेल नको म्हटलं, लग्नाचं तर विचारूच नका. आणि ऐकायचं ठरवलं तर नेमकं हेच ऐकलं?

बाकी तिघींचं भागेल. दोघींची पोरं स्वतःच तलावात उतरतात, तिसरी लेकीकडे निघून गेली. मोठ्या आईला कोण आहे? पोटी काही नाही, जमीन नाही. तुमच्या घरचं ती खाणार नाही, धाकट्या दिराच्या दारात बसणारी बाई आहे का ती? तो वाटा विकून आणि सुकवून ती जगत होती. आणि मी सालभर हॉस्टेलमध्ये जी सुकट खाल्ली, ती त्याच वाट्याची होती. फुकटचा वाटेकरी शोधायला मी सगळं गाव पालथं घातलं!

चहा पिताना तिनं मला सांगितलं ते मला माहीतच नव्हतं. मोठे बाबा त्या दिवशी स्वतःच्या जाळ्यासाठी नव्हते उतरले. टेकचंदकाकांचं जाळं बुडातल्या झाडाला अडकलं होतं आणि काका त्यात गुंतले होते. वारा सुटलेला. सगळे काठावर, हे एकटे उतरले. मोठी आई म्हणते, उतरताना मागे वळूनही पाहिलं नाही, कारण मागचं ठरलेलं होतं. आपण गेलो तर बाईचा वाटा कोणी मोडणार नाही, हे ठाऊक असल्यावर माणूस पाण्यात उडी टाकते. हे माझ्या चौथ्या प्रकरणात कुठेच नाही. आणि मंगळवारी ढिगांना हात लावत कोण होतं? टेकचंदकाका. त्यांना विचारा, रात्री झोप लागते का.

सभा बोलवा. ठराव मोडा. मी हात जोडते.

हर्षा


गोंदिया, २७ फेब्रुवारी

बाबा,

सरांना भेटली. म्हटलं, मला चौथं प्रकरण बदलायचं आहे, शिफारस चुकीची आहे. सर म्हणाले, “पुरावा?” मी मोठ्या आईचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, वाईट माणूस नाहीत ते. मग म्हणाले, “एका बाईवरून निष्कर्ष बदलत नसतो, हर्षा. ती गोष्ट झाली, डेटा नाही.” प्रकल्प जमा करायची मुदत दोन दिवसांवर आली होती. मी ते दोन दिवस काही लिहिलं नाही, मग आहे तसाच जमा केला. नसता केला तर हे सालच वाया गेलं असतं. आणि ज्याच्यासाठी तुमची मान खाली घातली ते साल वाया घालवून मी कोणत्या तोंडानं घरी आली असती?

आईकडून तुमचा निरोप मिळाला. निरोप तरी कसा म्हणू? ती बोलत होती आणि मागून तुमचा आवाज येत होता. “तिचं नाही ऐकलं तं चूक, ऐकलं तं चूक! मंग करावा कसा बापानं?” खरं आहे. 

मी आईला म्हटलं, मी सभेत येते, सगळ्यांसमोर सांगते की माझं चुकलं. त्यावर तुम्ही म्हणाला म्हणे, “एकडाव माझं नाक कापलं गेलं गावात. आता माझ्या पोट्टीले चार लोकांत नाक घासायले लावू का? मी जित्ता आहो तवरिक नाही.”

बाबा, कुठे अडलात तुम्ही! माझी इज्जत राहावी म्हणून? मला नको ती. मोठी आई आता शिंगाड्याच्या वेलांत पडेल ते काम करते, आईनं सांगितलं. तिला दम लागते. भाकर नेऊन दिली तर दारातूनच परत करते, म्हणते जेवली. तिच्या चुलीला धूर नसते हे सगळ्या मोहल्ल्याला दिसते.

माझं नाक मी घासून घेते. तुम्ही फक्त सभा बोलवा.

हर्षा


गोंदिया, २९ मार्च

बाबा,

मोठ्या आईची तेरवी झाली आणि मी परत आली. दोन दिवस आपण एकाच ओसरीत होतो. तुम्ही भिंतीकडे तोंड करून बसला, मी चुलीजवळ. एक शब्द नाही. यावेळी रागानं नाही, मला समजते. बोललो असतो तर एकानं म्हटलं असतं, “तू लिहिलं.” दुसऱ्यानं म्हटलं असतं, “तुम्ही वाचलं.”

म्हणून इथून लिहिते आहे. जे मला लोकांनी सांगितलं ते लिहून ठेवते, तुम्ही खोटं असेल तर खोटं म्हणा.

त्या सोमवारी ती आईकडे आली आणि विचारलं, “वच्छला, त्या ठरावात नेमकं का लिवलं हाय?” आईनं सांगितलं, ज्याचं जाळं पाण्यात उतरेल त्यालाच वाटा. मोठी आई म्हणाली, “बस एवढंच? बाईचं नाही चालणार असं तं नाही लिवलं ना?” आई हसली. तिला वाटलं, म्हातारी थट्टा करते.

मंगळवारी सकाळी तुम्ही सगळे पलीकडे जाळी ओढत होता. ती शिंगाड्याकडच्या काठानं उतरली. लुगडं खोचून, खांद्यावर मोठ्या बाबांचं जाळं. धुणं धुणाऱ्या बायकांनी विचारलं, कुठी चालली वं भागीरथा? म्हणाली, “जाळं ओलं करून आणतो.” त्या हसल्या. आपल्यात बाईनं जाळ्याला हात लावून पाण्यात जायचं नसते, पण म्हातारीला कोण अडवते?

छातीभर पाण्यात गेली, जाळं फेकायला हात उचलला आणि घसरली. जाळं वेलांत अडकलं. ते सोडून दिलं असतं तर उभी राहिली असती म्हणतात. तिनं सोडलं नाही.

तुम्ही डोंग्यावरून उडी टाकली हे मला सगळ्यांनी सांगितलं. तिची मूठ उघडेना, शेवटी जाळं कापावं लागलं, हेही सांगितलं. तुम्ही काठावर बसून काय म्हणत होता, ते मात्र कोणी सांगितलं नाही. मी विचारलं तर सगळे खाली पाहतात.

ते सुकं आहे तोवर तो घरी आहे, असं ती म्हणायची. आपल्या एका ओळीसाठी तिनं जाळं ओलं केलं, त्यालाही सोडलं बाबा. मला रडूही येत नाही नीट. रडायला लागली की वाटते, हे कोणाला दाखवायला?

हर्षा


गोंदिया, १३ मे

बाबा,

तोंडी परीक्षा झाली. बाहेरून एक मोठे सर आले होते. चौथं प्रकरण उघडून म्हणाले, “फार स्वच्छ विचार आहे. ही शिफारस कुठे अमलात आली का?”

मी म्हटलं, हो सर. आली.

“परिणाम?”

मी म्हटलं, चारही कोरडी जाळी बंद झाली.

ते म्हणाले, “व्हेरी गुड.” आणि काहीतरी लिहिलं. त्यांना सगळं सांगायला मी तोंड उघडलं होतं. पण तोपर्यंत त्यांनी हिमांशूला आत बोलावलं. वर्गात सर्वांत वरचा ग्रेड मला मिळाला आहे. आईला पेढे वाटू देऊ नका.

आज मंगळवार. संध्याकाळी वॉचमननं हाक मारली, तिरोड्याच्या जीपवाल्यानं तुझ्यासाठी पिशवी ठेवली. उघडली तर पळसाच्या पानांत मासळी. दोन रोहू, थोडे मिरगल, मूठभर झिंगे. सोबत निरोप नाही, काही नाही. मला वाटलं आईनं पाठवली. फोन केला तर ती रडायला लागली.

तिनं सांगितलं ते असं. आजच्या वाटणीला तुम्ही टेकचंदकाकांना एक ढीग जास्तीचा करायला लावला. सगळी नावं झाली, तो ढीग उरला. काकांनी हात लावून विचारलं, “हा कोणाचा?” तुम्ही पाठ करून उभे.  मग म्हणाला, “भागीरथाचा.”

आपल्या पाळीवर आजपर्यंत कोणा बाईचं नाव घेतलेलं मी ऐकलं नाही. पाण्यानं नेलेल्या माणसाचा वाटा बंद होत नाही, हाच नियम ना? मग ठरावाचं नाव कोणी काढलं नाही. काकांनी फक्त विचारलं, “दादा, उचलंल कोण? तिले तं कोणी नाही.”

आणि तुम्ही म्हटलं, “माझी पोट्टी हाय ना. ऑनर्सले.”

बाबा, तेच शब्द. मी जिन्यात बसून रडली होती ना, तेच.

आता दर मंगळवारी येईल का हा? मी पाण्यात पाय नाही घातला, जाळं नाही ओढलं, गोंदियात बसून तिचा वाटा खायचा? तिला तो मिळत राहिला असता तर ती आज मला शिव्या घालत चहा पाजत असती. तिला मिळाला नाही, आणि मला घरपोच मिळतो. परत पाठवायचं मनात आलं. पिशवी घेऊन स्टँडपर्यंत गेलीही. पण तिचा वाटा परत कोणाकडे पाठवू? तसाच हॉस्टेलवर आणला. टीनाच्या शेगडीवर शिजवला. ती विचारत होती, आज काय विशेष? मी म्हटलं, रिझल्ट लागला.

खाल्ला बाबा. शेवटपर्यंत खाल्ला. टाकायची हिंमत नाही झाली.

हे पत्र कवडूकाकाच्या हातून तुम्हाला शनिवारपर्यंत मिळेल. शनिवारी संध्याकाळी मी फोन लावते. तुम्हाला काही बोलायला नको, मीही बोलणार नाही. फक्त उचला.

हर्षा